आहारशास्त्र शिकायचे आहे, पण कोठे?

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझ्या दवाखान्यात रुग्णांबरोबर गुणपत्रिकाही येतात. ताप-खोकला तपासून झाला की खिशातून घडी घातलेला कागद निघतो आणि “आता काय करावं?” हा प्रश्न येतो. यंदा दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी मुलीला घेऊन आले. हे गृहस्थ दहा वर्षांपासून माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. रक्तदाब पाहून झाल्यावर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हिले ते डाएटचं शिकाचं म्हन्ते. एका कालेजानं सालाचे दीड लाख सांगतले. आपल्या इकळे स्वस्तातलं कोन्तं आहे का जी?”

मुलगी हुशार वाटली. विज्ञान शाखा, जीवशास्त्रात चांगले गुण. मी विचारले, आहारशास्त्रच का? म्हणाली, “काका, तुम्ही बाबांना दरवेळी सांगता, भात कमी करा, गोड टाळा. पण घरी आम्हाला रोज काय करायचं ते कुणीच सांगत नाही.” तिचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे आहे. सकाळी साठ-सत्तर रुग्ण असतात. एकेकाला आहार समजावून द्यायला वीस मिनिटे मी आणू कोठून? आणि खरे सांगायचे तर एम.बी.बी.एस.च्या आमच्या शिक्षणात आहाराचा भाग थोडाच होता. ज्वारीच्या दोन भाकरींनी साखर किती वाढेल, तुरीच्या वरणात एका बाळंतिणीला पुरेल इतके लोह मिळते का, याचा हिशेब ज्याने शिकला तोच सांगू शकतो.

त्यांना मी दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि मधल्या वेळात चौकशी केली. इतर पालकांनाही उपयोग होईल म्हणून ती या सदरात देत आहे.

आधी या शिक्षणाची गरज आहे का, ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी होती. दुसरीकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. आपल्या जिल्ह्यात ही दोन्ही टोके आहेत. धारणी-चिखलदऱ्याकडे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरणारी, म्हणजे तीव्र कुपोषित बालके आहेत, आणि अमरावती-अकोल्याच्या वसाहतींत चाळिशीतच साखर आणि चरबी वाढलेली माणसे. दोन्हीकडे औषधाइतकेच ताटाचे काम आहे.

अर्धवट शिकलेल्या सल्लागाराकडून काय होते याचे एक उदाहरण सांगतो. पन्नाशीच्या एक बाई साखरेसाठी ग्लिमेपिराईडची गोळी घेत होत्या. शेजारच्या कुणीतरी काही दिवसांचा ‘डाएट कोच’चा वर्ग केला होता. तिने यांना रात्रीचे जेवण बंद करायला लावले आणि त्याऐवजी डब्यातली पावडर दिली. गोळी मात्र चालूच राहिली. तिसऱ्या रात्री अकरा वाजता घामाने चिंब झालेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या बाईंना मुलाने उचलून आणले. साखर ४८ होती. ग्लुकोज दिल्यावर त्या सावध झाल्या. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काय, हे लिहवत नाही. प्रशिक्षित आहारतज्ज्ञाने पहिला प्रश्न “कोणती गोळी घेता?” हाच केला असता. म्हणून स्वस्त कॉलेज शोधताना स्वस्त पदवी गळ्यात पडू नये, एवढे आधी मनात धरा.

नावे सारखी, पदव्या निराळ्या

पालकांचा गोंधळ होतो तो नावांमुळे. आपल्याकडील बऱ्याच महाविद्यालयांत बी.ए.ला ‘गृहअर्थशास्त्र’ हा विषय असतो. तो चांगला विषय आहे, पण तीनपैकी एक विषय म्हणून घेतलेले गृहअर्थशास्त्र म्हणजे आहारशास्त्राची पदवी नव्हे. दुसरी पदवी बी.एस्सी. गृहविज्ञान. हिच्यात आहार व पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन असे सगळे असते आणि पुढे एम.एस्सी.ला आहार व पोषण घेता येते. आपल्या मागच्या पिढीतील बहुतेक आहारतज्ज्ञ याच वाटेने आल्या. तिसरी, थेट आहार व पोषणाची किंवा आहारशास्त्राची बी.एस्सी. चौथी फूड टेक्नॉलॉजी. ही कारखान्याची विद्या आहे : बिस्किटे, दूध, डाळमिल, टिकाऊपणा, वेष्टन. रुग्णाच्या खाटेशी तिचा संबंध नाही. मुलीला दवाखान्यात काम करायचे आहे की कारखान्यात, हे आधी ठरवले तर निम्मी कॉलेजे आपोआप गळतात.

गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम, असे अजूनही काही घरांत समजतात. अभ्यासक्रम उघडून पाहा. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायन, रोग्यांचा आहार, सामूहिक पोषण असे विषय दिसतील. डायलिसिसवरच्या रुग्णाला नारळपाणी का चालत नाही, भाजी उकळून पाणी का टाकून द्यावे, हे पोटॅशियमचे गणित आहे. ते रसायनशास्त्राशिवाय कळत नाही. म्हणून बारावीला रसायन आणि जीवशास्त्र घेतलेले बरे. काही ठिकाणी कला-वाणिज्यच्या मुलींनाही प्रवेश मिळतो, पण पुढे त्यांची ओढाताण होते. मुलांनीही हे शिक्षण घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त या विषयाची जुनी कॉलेजे बरीचशी महिलांसाठीच आहेत, त्यामुळे मुलांना पर्याय थोडे उरतात.

कायदा बदलला आहे

हा भाग नीट वाचावा, कारण सल्ला देणाऱ्या मामा-काकांना तो बहुधा ठाऊक नसतो.

२०२१ साली केंद्र सरकारने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी जशी परिषद आणि नोंदणी असते तशी फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ वगैरे व्यवसायांसाठी असावी हा त्याचा हेतू. त्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञही आहेत. पदवी किती तासांची असावी हेही कायद्यात सांगितले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी तीन ते सहा वर्षांत पसरलेली, किमान ३६०० तासांची हवी. २०२५ साली आयोगाने पोषण व आहारशास्त्राचा अभ्यासक्रमही जाहीर केला. तेव्हा कॉलेजात गेल्यावर सरळ विचारा : तुमचा अभ्यासक्रम या आयोगाच्या चौकटीत बसतो का, आणि नसेल तर बसवण्यासाठी काय चालले आहे? उत्तर देताना समोरचा माणूस गडबडला तर त्यातूनही पुष्कळ कळते.

दुसरा बदल थेट खिशाशी निगडित आहे. घरी राहून, पत्राने किंवा संगणकावर शिकून पदवी घेणे हा आजवर गरिबाचा मार्ग होता. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आहारशास्त्राची एम.एस्सी. नोकरी-संसार सांभाळून अनेक जणींनी केली. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवण्यास मनाई केली आहे. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र यांची नावे त्यात स्पष्ट आहेत. तरीही शहरातील चौकाचौकांत “घरबसल्या डाएटिशियन व्हा” असे फलक लागलेले दिसतात. माझ्या एका रुग्णाच्या मुलीने असल्याच एका संस्थेत पैसे भरले. हाती आलेल्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नावच नव्हते. रुग्णालयात मुलाखतीला गेली, तेथे कागद पाहूनच परत पाठवले. बापाने त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे त्यात घातले होते.

पैसे भरण्यापूर्वी पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे लेखी विचारून घ्यावे. मग त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत कॉलेजचे नाव आहे का आणि नावापुढे नेमका हाच अभ्यासक्रम आहे का, हे पाहावे. कॉलेज संलग्न असते पण नवा अभ्यासक्रम मंजूर झालेला नसतो, असेही घडते. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर देत असतो. घरात मोबाइल असलेला कोणीही मुलगा ती काढून देईल.

आपल्या टापूत काय आहे

अमरावती विद्यापीठ १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. आज ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्याकडे येतात. विद्यापीठाच्या आवारात गृहविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे. माझा सल्ला असा की चौकशीला प्रथम तेथेच जावे. कोणत्या संलग्न कॉलेजांतून मुली आपल्याकडे एम.एस्सी.ला येतात, त्यांची तयारी कशी असते, हे तेथील प्राध्यापकांना माहीत असते. जाहिरातीपेक्षा ते ऐकावे. मग शहरात शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत आणि महिला महाविद्यालयांत, तसेच अकोल्यात राधादेवी गोयनका महिला महाविद्यालयात, यंदा यापैकी कोणता अभ्यासक्रम कोणत्या तुकडीत चालू आहे ते समक्ष जाऊन विचारावे. दरवर्षी तुकड्या उघडतात आणि मिटतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

एक गैरसमज दूर करतो. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा तेथे हे मिळेलच, असे लोक धरून चालतात. पण कृषी विद्यापीठांच्या परंपरेत गृहविज्ञानाचे जुने कॉलेज आहे ते परभणीला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात. त्याला आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. पदवी चार वर्षांची, आणि प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे पूर्णा आणि तेथून परभणी असा रेल्वेचा रस्ता आहे. बुलडाणा-वाशीमकडच्या मुलींनी हा पर्याय जरूर पाहावा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला त्या वातावरणात परकेपणा वाटत नाही.

नागपूरला लेडी अमृतबाई डागा, म्हणजे सगळे ज्याला एल.ए.डी. म्हणतात ते महिला महाविद्यालय गृहविज्ञानासाठी विदर्भात नाणावलेले आहे. १९३२ पासूनची संस्था आहे. मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे जुहूचे गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन ही दोन मोठी नावे. तेथील शिक्षण उत्तम, पण वऱ्हाडातून मुंबईला मुलगी ठेवायची तर फीपेक्षा राहण्याचाच आकडा छाती दडपवतो. माझे मत विचाराल तर पदवी जवळ करावी आणि पदव्युत्तरसाठी दूर जावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. करता येते. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला एका खोलीतल्या बेरीबेरीच्या संशोधनापासून वाढली. आपण कोणत्या धान्यात किती प्रथिने म्हणतो ते आकडे बहुतेक तिच्याच तक्त्यांतून येतात. वऱ्हाडातल्या साध्या कॉलेजातून पदवी घेतलेल्या मुलीने तेथे जाऊ नये असे कुठे लिहिले आहे?

फी आणि खर्च

फी विचारताना एक शब्द विसरू नका : अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली दोन्ही तुकड्या असतात. अनुदानित तुकडीत प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून फी थोडी असते. विनाअनुदानित तुकडीचा सगळा खर्च विद्यार्थ्यांकडून काढतात. “अमुक कॉलेजची फी फार आहे” असे कोणी म्हणाले तर कोणत्या तुकडीची, ते विचारा.

पण थोडी फी म्हणजे थोडा खर्च नव्हे. समजा, दूरच्या एका कॉलेजात वर्षाची फी आठ हजार आहे, पण तेथे खोली आणि खानावळ महिन्याला सहा हजार. दहा महिन्यांचे साठ हजार, म्हणजे वर्षाला अडुसष्ट हजार. दुसरे कॉलेज घराजवळचे, फी पस्तीस हजार, पण मुलगी एसटीच्या पासवर रोज ये-जा करते आणि पासाला महिन्याला नऊशे लागतात. वर्षाचे झाले चव्वेचाळीस हजार. तीन वर्षांत ‘महाग’ कॉलेज बहात्तर हजारांनी स्वस्त पडले. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे तुम्ही मांडा. त्यात प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, पांढरा कोट, प्रकल्पाचा खर्च, सहल आणि ‘विकास निधी’ या नावाखाली जे काही असेल ते घाला. कॉलेजकडून तिन्ही-चारही वर्षांची फी लेखी मागा. पहिल्या वर्षी थोडी आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट, असे प्रकार आहेत.

रोजची ये-जा करायची तर बसच्या वेळाही पाहा. तीन तासांचे प्रात्यक्षिक पाच वाजता संपते आणि गावची शेवटची बस साडेचारची, अशी गत झाली की मुलगी प्रात्यक्षिके बुडवू लागते. मग पदवी मिळते, विद्या मिळत नाही. मूर्तिजापूर-बडनेरा पट्ट्यातील मुलींना रेल्वेचा पास बरा पडतो.

२०२४-२५ पासून आपल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स. चौथे वर्ष केले तर पुढे एम.एस्सी. एका वर्षाची होते. म्हणजे एकूण पाच वर्षे तितकीच, पण चौथे वर्ष त्याच कॉलेजात उपलब्ध आहे का, की तिसऱ्यानंतर गाव सोडावे लागेल, हे आजच विचारावे.

शिष्यवृत्त्या

बहुतेक अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून होतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. मेळघाटातील एखादी कोरकू मुलगी आहारशास्त्र शिकून परत धारणीत आली तर, तिच्या भाषेत बोलणारी आहारतज्ज्ञ म्हणून, तिचे मोल मी शब्दांत सांगू शकणार नाही. कोदो-कुटकी कशी शिजवतात हे तिला कोणत्या पुस्तकातून शिकावे लागणार नाही.

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. पापळच्या या माणसाने १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्याच्या पोरांसाठीच. तेव्हा त्यांच्या नावाचा भत्ता त्याच पोरांनी सोडू नये. मात्र येथे एक मेख आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. “मुलींना सगळे फुकट” असे ऐकून प्रवेश घेऊ नका. तुमच्या कॉलेजातील नेमकी ही बी.एस्सी. शासनाच्या दृष्टीने व्यावसायिक आहे की पारंपरिक, यावर सगळे अवलंबून आहे. निर्वाह भत्त्याचेही तसेच. कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचारा. प्राचार्यांपेक्षा त्याला अधिक माहिती असते, असा माझा अनुभव आहे.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळेत जा. अन्नपदार्थातील प्रथिने मोजायची उपकरणे आहेत का, त्यांवर धूळ आहे का? वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, दंडघेराची फीत वापरात आहे का? कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठून विचारा, “मागच्या वर्षी कोणत्या अंगणवाडीत गेला होता, किती दिवस?” कॅन्टीनमध्ये समोसा आणि शीतपेयाशिवाय काही मिळते का, हेही पाहायला हरकत नाही. हे थट्टेने लिहीत नाही. जेथे आहार शिकवतात तेथे काय खातात ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे, रुग्णालयाशी करार आहे का? भाजलेल्या रुग्णाला किती प्रथिने, नळीने द्यायचे अन्न किती पातळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे मीठ-पाणी किती, हे वर्गात लिहून घेता येते. पण येते ते वॉर्डात उभे राहूनच. अमरावती, अकोला, यवतमाळ येथे वैद्यकीय महाविद्यालये व मोठी रुग्णालये आहेत, त्यामुळे आपल्या भागातील कॉलेजला “सोय नाही” म्हणायला जागा नाही. इंटर्नशिपचे पत्र कोण देते, ती किती आठवड्यांची, तिचे वेगळे पैसे घेतात का, हे विचारा. पुढे भारतीय आहारशास्त्र संघटनेची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही परीक्षा द्यायची तर पदव्युत्तर शिक्षणाबरोबर रुग्णालयातील इंटर्नशिप लागतेच. मोठी रुग्णालये ती नोंदणी पाहतात.

प्रवेश घेतल्यावर कॉलेजने मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. तपासून लगेच परत द्यायच्या असतात. मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याचे टप्पेही त्यात ठरवून दिले आहेत. दुसरीकडे नंबर लागला आणि पहिले कॉलेज कागद सोडत नाही, अशी वेळ आली तर हा आदेश दाखवा.

नोकरीबद्दल खरे सांगायचे तर सुरुवातीचा पगार मोठा नसतो. केवळ बी.एस्सी.वर खाजगी रुग्णालयात जो मिळतो तो ऐकून पालक नाराज होतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञांच्या जागा असतात, पण बऱ्याचशा कंत्राटी. शासकीय रुग्णालये, एकात्मिक बालविकास योजना, वसतिगृहे, मोठी स्वयंपाकघरे, खेळाडूंची केंद्रे अशी कामे आहेत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात खेळाडूंच्या आहाराला गिऱ्हाईक नाही असे कसे म्हणावे? शिवाय आपल्याकडील तालुक्याच्या गावांतून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ अगदी विरळा. चार डॉक्टरांकडे आठवड्यातून एकेक दिवस बसणारी आहारतज्ज्ञ दर्यापूरला, अकोटला, मूर्तिजापूरला चालेल, अशी माझी खात्री आहे. माझ्याकडे खुर्ची रिकामी आहे. एवढ्यासाठी दीड लाख रुपये वर्षाला, तेही कर्ज काढून, भरावेत असे मात्र मला वाटत नाही, आणि त्या शेतकरी पित्याला मी तसेच सांगितले.

दोन दिवसांनी ते आले तेव्हा मुलीने वहीत चार कॉलेजांचे खाते मांडून आणले होते : फी, पास, खानावळ, चौथे वर्ष, रुग्णालय. खाली शेरा, “अनुदानित तुकडीत २ नंबरची प्रतीक्षा यादी शक्य.” बापाने वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, “मले त एवढंच समजलं का दीड लाखवालं कालेज यात शेवटी आलं.”

त्यांचा उत्पन्नाचा दाखला मात्र मागच्या वर्षीचा निघाला. अर्जांच्या गर्दीत सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये दाखल्याला दिवस लागतात, जात वैधता प्रमाणपत्राला तर महिने. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा अकरावी-बारावी आहे त्यांनी उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर यांपैकी जे लागतील ते दाखले आणि मुलीचे आधारशी जोडलेले बँक खाते आतापासून तयार ठेवावे. ज्यांना या अभ्यासक्रमाविषयी विचारायचे आहे त्यांनी दुपारी चारनंतर, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर यावे, आणि येताना गुणपत्रिकेबरोबर कॉलेजने दिलेला फीचा कागद आणावा.